शपथ झाली, रांगोळी झाली. आता अर्जाची पोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात नव्याने लागलेल्या सहायक प्राध्यापकांकडे राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो) आणि मतदार साक्षरता मंडळ अशा दोन्ही जबाबदाऱ्या आल्या आहेत. वर्षभरात त्यांनी २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन घेतलं, २५ जानेवारीला मतदार दिनाची शपथ दिली, रांगोळी, पोस्टर, प्रभातफेरी सगळं केलं. ते लिहितात, ‘मुलं येतात, फोटोत उभी राहतात आणि जातात. त्यांच्यात काही बदलतंय असं वाटत नाही. प्राचार्य म्हणतात, लोकशाही शिकवा, पण कॉलेजात राजकारण नको. मग मी नेमकं करू काय?’

सर, मी अशाच एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. त्यातली सात वर्षं, दोन टप्प्यांत, रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते. तेव्हा पुढे जे लिहिते ते बहुतेक या एकाच जागेवरून दिसलेलं आहे. पाच हजार मुलांच्या शहरी महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या आवारात काही गोष्टी वेगळ्या असतील. तुमचं महाविद्यालय अनुदानित आहे की विनाअनुदानित, तुम्ही कायम आहात की तासिका तत्त्वावर, संस्थेचे पदाधिकारी स्थानिक राजकारणात किती आहेत, यावरही पुष्कळ अवलंबून राहील. तुमची नोकरी धोक्यात घालून काहीही करू नका, हे आधीच सांगते.

आता मूळ अडचण. तुम्हाला वाटतंय की मुलांना रस नाही. मला तसं वाटत नाही. तुमच्या वर्गातली निम्मी मुलं ज्या गावांतून येतात तिथे ग्रामपंचायतीची निवडणूक त्यांच्या ओसरीवर लढली जाते. कोणती भावकी कोणत्या पॅनलला गेली, उपसरपंच कसा ठरला, अविश्वास ठराव का आला, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी एक गोष्ट मात्र जवळजवळ कधीच पाहिलेली नसते: आपण काहीतरी विचारलं, कारणं देऊन लेखी मागितलं, आणि समोरच्या माणसाला त्याचं उत्तर द्यावं लागलं. शाळेत ‘गप्प बस’, घरी ‘तुला काय कळतं’, कॉलेजात सूचनाफलक. पुस्तकातलं संविधान सांगतं की तू नागरिक आहेस, आणि अठरा वर्षांचा अनुभव सांगतो की तुझ्या शब्दाने काही हलत नाही. या दोघांची गाठ पडली की अनुभव जिंकतो. शपथेने तो बदलत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. मुलांच्या हातात एक असा विषय द्या ज्यात त्यांचा निर्णय खरोखर चालेल, किंवा निदान त्यांना खरं उत्तर द्यावं लागेल. तो विषय उत्तर येईपर्यंत सोडू नका. बाकी सगळं याच्या भोवती बसवता येतं.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण मी हे त्यातूनच शिकले. साधारण दहा वर्षांपूर्वी मी एस.वाय.च्या वर्गात महिन्यातून एकदा वीस मिनिटांची वर्गसभा सुरू केली होती. पहिल्या दोन सभांत मुलांनी सहल आणि गॅदरिंग यांवरच चर्चा केली. मुली बोलल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या आणि नाव न लिहिता एक अडचण लिहायला सांगितली. एका चिठ्ठीवर होतं, ‘आम्ही सकाळी घरून पाणी न पिता येतो.’ मी ती वाचली आणि वर्ग एकदम शांत झाला. पहाटेची बस पकडून येणाऱ्या मुली दुपारी दोनला घरी पोचायच्या आणि मधल्या वेळात स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून तहान मारायच्या. मी त्याच इमारतीत इतकी वर्षं शिकवत होते. माझ्यासाठी स्टाफरूमला वेगळी सोय होती, म्हणून मला हे दिसलं नव्हतं.

मी लगेच प्राचार्यांकडे जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी दुरुस्ती करूनही घेतली असती. पण मग ते मॅडमनी करून दिलेलं काम झालं असतं. मी मुलींना विचारलं, तुम्ही हे सिद्ध कसं कराल? त्यांनी आठवडाभर मधल्या सुट्टीत नोंद ठेवली. पाच शौचालयांपैकी एकाची कडी तुटलेली, एकात पाणी नाही. चालू तीन. सुट्टी पंधरा मिनिटांची. एकीला तीन मिनिटं धरली तरी तीन शौचालयांत पंधरा मिनिटांत पंधरा मुली. सकाळच्या सत्रात मुली होत्या तीनशेच्या आसपास. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात मात्र ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह: आहे’ एवढंच छापलेलं होतं. तो हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा मुलंही पुढे सरकून बसली. अर्थशास्त्राचा याहून चांगला तास मी आजवर घेतलेला नाही.

मग अर्ज. अर्ज लिहायलाच तीन बैठका लागल्या. पहिल्या मसुद्यात ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ असं होतं. मी विचारलं, वाचणाऱ्याने नक्की काय करायचं आहे ते यात कुठे आहे? शेवटी तीन मागण्या राहिल्या: दोन शौचालयं दुरुस्त करणं, पाण्याची टाकी, आणि नवीन चार शौचालयांचा विचार. अर्ज द्यायला चार मुली कार्यालयात गेल्या. लिपिक म्हणाले, ‘कॉलेजातल्याच मुली तुम्ही, तुम्हाला पोच कशाला?’ मुली तिथेच उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. ती प्रत हातात घेऊन आलेल्या मुलींचे चेहरे मला अजून आठवतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडून तरी पोच घेतली होती.

बारा दिवसांनी लेखी उत्तर आलं. दुरुस्ती आणि टाकी दिवाळीआधी होईल. नवीन बांधकाम यंदा शक्य नाही, कारण अंदाजपत्रक मंजूर झालेलं आहे. पुढच्या वर्षासाठी मागणी जानेवारीत, महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीआधी द्यावी. मुली चिडल्या. मी मात्र मनात खूश होते, कारण त्या उत्तरात एका सत्राचं नागरिकशास्त्र होतं: पैसा कुणाच्या हातात असतो, तो कोणत्या महिन्यात ठरतो, जूनमध्ये मागून का उपयोग नसतो, नकाराला कारण कसं मागायचं. जानेवारीत त्यांनी पुन्हा अर्ज दिला. नवीन स्वच्छतागृह झालं तेव्हा त्या टी.वाय. उत्तीर्ण होऊन गेल्या होत्या. ते वापरलं पुढच्या मुलींनी. हेही त्यांना कळवलं मी.

आता तुमच्या प्राचार्यांच्या ‘राजकारण नको’ या वाक्याकडे येते. त्यांना झिडकारू नका, त्यांची भीती पोकळ नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांत एके काळी मारामाऱ्या झाल्या, जीवही गेले, आणि १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर निवडणूक जाऊन गुणवत्तेवर नेमणूक आली. वर्गात पहिला आलेला तो वर्गप्रतिनिधी. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागास प्रवर्गातला प्रतिनिधी सर्व विद्यार्थ्यांनी निवडायचा, शिवाय प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी. पण बहुतेक महाविद्यालयांत मतपेटी काही आलीच नाही. म्हणजे आपल्या सध्याच्या प्राध्यापकांपैकी अनेकांनी स्वतः विद्यार्थी असताना कधी महाविद्यालयात मतदान केलेलं नाही. त्यांना हे शिकवता येत नाही याचा दोष त्यांना देता येत नाही.

प्राचार्यांशी बोलताना मी ‘पक्ष’ आणि ‘प्रश्न’ वेगळे करून मांडते. पक्षाचा झेंडा, पक्षाचा वक्ता, पक्षाची सदस्य नोंदणी आपल्या कार्यक्रमात नाही. एखाद्या निवडणुकीतल्या उमेदवारांना बोलवायचंच असेल तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही, आणि आचारसंहिता लागली की परवानगीशिवाय काहीच नाही. मी स्वतः कुणाला मत देते हे वर्गात कधीही सांगत नाही. पण पाणी, रस्ता, शिष्यवृत्ती, स्वच्छतागृह, बसची वेळ हे प्रश्न आहेत आणि त्यांवर बोलायला बंदी घालून लोकशाही शिकवता येणार नाही. एवढं लेखी देऊन मी सही घेतली होती. प्राचार्यांनाही तो कागद उपयोगी पडला, कारण संस्थेतून कुणी विचारलं की ते तोच दाखवायचे.

निवडणुकीबाबत मात्र एक व्यवहारी गोष्ट. विद्यार्थी परिषदेची निवडणूक तुमच्या हातात नाही, पण वर्गप्रतिनिधीची अनौपचारिक निवडणूक आहे. गुप्त मतदान घ्या, ‘यापैकी कोणीही नाही’ हा पर्याय ठेवा, प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं द्या, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मोजणी करा. आणि दुसरी जागा, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांनुसार लैंगिक छळाविरुद्धच्या अंतर्गत समितीत, विषय विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा, विद्यार्थी सदस्य असावे लागतात आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत असं तिथे म्हटलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी ही नावं स्टाफरूममध्ये ठरतात. ती खरोखर निवडून आणा. कायदा तुमच्या बाजूने आहे, त्यामुळे ‘नवीन फॅड’ म्हणून कुणी हाणून पाडू शकत नाही.

मतदानाचा दिवस मुलांना आवडतो, गुलाल उधळायचीही तयारी असते (तो उधळू देऊ नका). शिक्षण पुढे होतं. निवडून आलेल्या प्रतिनिधीने दर महिन्याला वर्गासमोर उभं राहून गेल्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, काय झालं, काय झालं नाही ते सांगायचं. हे ठरवलं नाही तर निवडणूक म्हणजे आणखी एक गॅदरिंग.

मतदार नोंदणीविषयी थोडक्यात, कारण ते तुम्ही करतच आहात. लिंक पाठवून किंवा क्यूआर कोड लावून नोंदणी होत नाही. वर्गात बसून, एकेकाचं नाव यादीत भाग क्रमांकासह शोधून बघा. ‘माझं नाव आहे’ म्हणणाऱ्यांतल्या काहींचं नसतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्ष जवळजवळ पूर्ण थांबावं लागे. २०२२पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. एफ.वाय.च्या वर्गाला हे सांगितलं की अर्धा वर्ग कामाला लागतो. वसतिगृहातल्या मुलांना वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवायचं की गावी, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. दोन्ही चालतं, पण एकाच ठिकाणी. वसतिगृहाच्या पत्त्यासाठी महाविद्यालयाचं बोनाफाईड लागतं, ते देताना कार्यालयाने खळखळ करू नये एवढं बघा. मी या चर्चेत मुद्दाम एक तास घालवते: तुझं आयुष्य कोणत्या जागेच्या निर्णयांवर जास्त अवलंबून आहे? वसतिगृहातली एक मुलगी म्हणाली होती, ‘गावी मी चार वर्षांनी नसेन, पण माझी आई असेल.’ तिने गावचं मत ठेवलं. त्या तासाचा फोटो कुणी काढला नाही.

आता ग्रामसभा. ग्रामीण भागातल्या आपल्यासारख्या महाविद्यालयांकडे जे शहरांकडे नाही ते हे. तुमच्या वर्गातला अठरा वर्षांचा प्रत्येक नोंदणीकृत मतदार आपल्या गावच्या ग्रामसभेचा सभासद आहे. तिथे त्याच्या वतीने कुणी निवडून जात नाही, तो स्वतःच बसतो. आपल्या राज्यात वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान उपस्थिती, लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे शंभर माणसं न जमल्याने मोडलेली सभा पुढे पंधरा-वीस माणसांत उरकता येते. हे कळल्यावर माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, ‘म्हणून आमच्याकडे पहिली सभा कधीच होत नाही!’ नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे तर मुलींच्या आयांनाही माहीत नसतं.

इथे एक मजेदार अडचण येते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला आपण मुलांना झेंडावंदनाला कॉलेजात बोलावतो, नेमकं त्याच दिवसांत गावात ग्रामसभा असते. मी प्राचार्यांकडून परवानगी घेतली की वर्गातले ठरावीक विद्यार्थी गावच्या झेंडावंदनाला आणि ग्रामसभेला जातील आणि त्यांची उपस्थिती धरली जाईल. येताना त्यांनी तीन गोष्टी लिहून आणायच्या: किती माणसं होती आणि त्यांत बायका किती, कोणते ठराव झाले, आणि कोणत्या एका कामाचा पैसा कुठून येणार आहे. तेवढंच. पहिल्याच सभेत उभं राहून बोलायला मी सांगत नाही.

सात दिवसांच्या विशेष शिबिरातही एक बदल करून बघा. श्रमदान ठेवाच, शोषखड्डे आणि झाडं यांची किंमत मी कमी करत नाही. पण एक सकाळ कागदासाठी ठेवा. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर त्या गावाचा विकास आराखडा आणि खर्च बघता येतो. चार-चार मुलांचे गट करून त्यांना त्यातलं एकेक काम जागेवर जाऊन बघायला सांगा: कागदावर काय आहे, जमिनीवर काय आहे, आजूबाजूची माणसं काय म्हणतात. हे ग्रामसेवक आणि सरपंच यांना आधी सांगून, त्यांना बरोबर घेऊन करायचं. गावात पाहुणे म्हणून गेलेली मुलं तपासनीस म्हणून वावरली तर पुढच्या वर्षी गाव शिबिर देणार नाही, आणि ते बरोबरच असेल. संध्याकाळी मुलांनी जे पाहिलं ते गावकऱ्यांसमोर सांगायचं, सरपंचांनी उत्तर द्यायचं. एका शिबिरात मुलांनी ‘हे गटार कागदावर आहे, जागेवर नाही’ असं ठासून सांगितलं. सरपंच उठल्या आणि म्हणाल्या, ‘चला दाखवते, वरून फरशी टाकलीये.’ खरंच तिथे बंदिस्त गटार होतं. आरोप करण्याआधी पाहायचं, हा धडा त्या बाईंनी दिला.

तुमचं महाविद्यालय शहरात असतं तर मी ग्रामसभेच्या जागी महापालिकेचं अंदाजपत्रक घेतलं असतं. पुणे महापालिकेने २००६मध्ये सुरुवात केली तसं, नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं पुढच्या अंदाजपत्रकासाठी मागवली जातात. विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतलं एक काम शोधून, मोजून, मुदतीत सुचवणं आणि पुढच्या वर्षी अंदाजपत्रकाच्या पुस्तकात ते आहे का बघणं, हा उत्तम वर्षभराचा अभ्यास आहे.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं. माहिती अधिकाराचा अर्ज शिकवणं सोपं आहे: दहा रुपये शुल्क, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत, तीस दिवसांत उत्तर. एका हुशार, उत्साही मुलाला मी त्याच्या गावच्या रस्त्याच्या कामाची माहिती मागायला प्रोत्साहन दिलं. अर्ज त्याच्या एकट्याच्या नावाने गेला. ठेकेदार गावातल्या बलदंड घराण्यातला होता. माहिती आली की नाही हा प्रश्न राहिलाच नाही. त्याच्या वडिलांना चावडीवर बोलावून विचारलं गेलं, शेताकडे जाणारी वाट काही महिने अडवली गेली. त्याचे वडील मला भेटायला आले. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही संध्याकाळी तुमच्या घरी जाता. आम्हाला तिथंच राहायचंय.’ त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून माझे काही नेम आहेत. पहिला विषय नेहमी महाविद्यालयाच्या आतला, जिथे मी स्वतः मुलांच्या शेजारी उभी राहू शकते. गावातल्या प्रश्नावर विद्यार्थ्याचं एकट्याचं नाव कधीच नाही. गटाने, आणि शक्यतो गावातलीच काही मोठी माणसं बरोबर घेऊन. माहिती अधिकार ही पहिली पायरी नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची माहिती आधी बघायची, मग तोंडी विचारायचं, मग साधा अर्ज, आणि त्यानंतर गरज असेल तर तो. मुलींच्या बाबतीत घरच्यांशी आधी बोलायचं. हे भित्रेपण वाटेल, पण आपण दुसऱ्याच्या लेकरांच्या जिवावर लोकशाही शिकवत नाही ना, हे सतत तपासावं लागतं.

मतभेदांवर बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते लवकरच समोर येईल. सध्या आरक्षणाचा विषय वर्गात न काढताही वर्गात असतो. कोण कुणाशेजारी बसतं यातसुद्धा तो दिसतो. पूर्वी एकदा मी ‘आरक्षण असावे की नसावे’ अशी वादविवाद स्पर्धा घेतली होती. ढाल एका गटाला मिळाली, टाळ्या वाजल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून माझ्या मंडळातले दोन विद्यार्थी यायचे बंद झाले. ज्याचं घर त्या प्रश्नावर उभं आहे त्याला मी बाजू मांडून जिंकायला किंवा हरायला लावलं होतं. आता मी त्या विषयावर स्पर्धा घेत नाही, अभ्यासगट घेते. संविधानातलं कलम १५(४) आणि १६(४) मुळातून वाचायचं, १५(४) हे १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने का आलं ते बघायचं, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रत्यक्षात कुठे अडकतो ते पाहायचं. जात कुणालाही उघडपणे विचारायची नाही. आणि विरोध करायचा असेल तर समोरच्याचं म्हणणं आधी त्याला ‘हो, असंच’ म्हणता येईल असं मांडायचं.

अभ्यासगट हा शब्द मी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावावरून उचलला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा बहुतेकांना माहीत असते. त्यामागची रीत कमी लोकांना माहीत असते: अभ्यासगटात समजून घ्यायचं, चर्चा करायची, तिथे निर्णय घ्यायचा नाही, निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. वर्गातही हे दोन वेगळे ठेवले की भांडणं पुष्कळ कमी होतात. अर्थात अशा विषयाला पहिल्या महिन्यात हात घालू नका. आधी वेळापत्रक, ग्रंथालयाची वेळ, सायकलस्टँड असल्या विषयांवर एकमेकांचं ऐकायची सवय लागू द्या.

वेळ कुठून आणायचा? नवीन उपक्रम वाढवू नका, आहेत तेच तास वापरा. रासेयोच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास द्यावेच लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्काला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरले तर दोन श्रेयांकांत साठ तास होतात. स्वच्छतागृहाचं पूर्ण प्रकरण तेवढ्यात बसलं असतं. मूल्यमापन करताना काम यशस्वी झालं की नाही यावर गुण देऊ नका. निर्णय कुणाच्या हातात होता, मला आधी काय वाटत होतं, उत्तर काय आलं, पुढे काय करावं लागेल, हे विद्यार्थ्याने आपल्या नोंदवहीत किती प्रामाणिकपणे लिहिलं आहे ते बघा आणि पाच मिनिटं तोंडी विचारा. नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, जिओटॅग फोटो लागतात हे मला माहीत आहे, ते काढाच. पण त्यांच्याबरोबर इतिवृत्त, अर्जाची प्रत, आवक क्रमांक आणि आलेलं उत्तर अशी एक फाईल लावा. आमच्याकडे भेट देणाऱ्या समितीने फोटोंचे अल्बम चाळले आणि ती फाईल वाचली.

तुम्हाला यंदा लगेच सुरुवात करायची असेल तर क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यात प्राचार्यांबरोबरचा तो एक पानी कागद आणि एकाच वर्गात चिठ्ठ्यांची वर्गसभा; सगळ्या महाविद्यालयात नको. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात महाविद्यालयाच्या आतला एकच विषय, मोजणी, अर्ज, पोच. मतदार यादीचं काम मधल्या कोणत्याही आठवड्यात होतं. ग्रामसभेला २ ऑक्टोबरच्या सुमारास फक्त ऐकायला पाठवा, आणि २६ जानेवारीला ज्यांना विचारायचं असेल त्यांनी विचारावं. पहिल्या वर्षी एका वर्गात एवढं झालं तर ते पुष्कळ आहे. दोनशे मुलांच्या प्रभातफेरीपेक्षा एका वर्गातल्या चाळीस मुलांनी एक उत्तर मिळवलेलं असणं मला जास्त मोलाचं वाटतं, आणि पुढच्या वर्षी तीच मुलं नव्या मुलांना शिकवतात.

वर्गसभेची वेळ मात्र विचार करून ठरवा. शेवटच्या तासानंतर ठेवली तर बसच्या मुली निघून जातात आणि मग राहतात गावातलीच मुलं. आमच्याकडे एक पूर्ण वर्ष असंच गेलं. तुमच्या वर्गात किती मुली बाहेरगावहून येतात आणि दुपारची त्यांची बस किती वाजता सुटते, तेवढं कळवा. त्यावरून कोणता तास मागून घ्यायचा ते सांगते.